सातच्या बातम्या आणि घरातली बोली

साकोलीकडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. लेक बारावीला आहे. तिच्या मनानं घेतलंय की आपण टी.व्ही.वर बातम्या सांगायच्या. घरात त्यावर दोन आक्षेप आहेत. सासूबाईंचं म्हणणं, ते काम गोऱ्यागोमट्या चेहऱ्यांचं, आपल्यासारख्यांचं नव्हे. यजमानांचं म्हणणं, आपण पाण्याला पानी म्हणणारी माणसं, तिथं आपल्या पोरीला कोण विचारतो? भगिनी लिहिते, दोघांचंही चुकतंय असं मनातून वाटतं, पण उत्तर सुचत नाही. आणि लेक मात्र हल्ली चारचौघांत बोलायचीच थांबली आहे.

हे शेवटचं वाक्य मला फार बोचलं. म्हणून या खेपेला हळद-तिखटाचं साठवण जरा बाजूला ठेवू आणि या लेकीचं पाहू. उपदेश करण्याआधी, ज्यांनी हे काम खरोखर केलं त्यांचा प्रवास पाहणं बरं, नाही का?

मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तिथून मराठी बातम्या सांगणारे पहिले वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. त्या सुरुवातीच्या वर्षांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या, प्रा. अनंत भावे होते. आणि १९७४ साली आले प्रदीप भिडे. विज्ञानाची पदवी, मग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारितेचा अभ्यास, एवढी शिदोरी घेऊन आलेला हा तरुण पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ मराठी घरांत बातम्या सांगत राहिला. ७ जून २०२२ रोजी ते गेले, तेव्हा कितीतरी घरांत ‘आपल्या ओळखीचं माणूस गेलं’ असंच बायकांनी म्हटलं. भेट कधी झालेली नाही, तरी ओळखीचं!

आमच्या भागात टी.व्ही. उशिरा पोचला. गंमत पाहा, आमच्या कोहमाऱ्याच्या चौकातून पूर्वेला जो हमरस्ता जातो, त्याच रस्त्यावर पुढं दुर्ग आणि रायपूर. तेव्हा ते मध्य प्रदेशात होतं. तिथल्या काही खेड्यांत १९७५-७६ साली उपग्रहावरून कार्यक्रम दाखवण्याचा सरकारी प्रयोग झाला, गावाला एक संच देऊन. आमच्या बाजूला मात्र टी.व्ही. रुळला तो १९८३-८४ नंतर, देशभर भराभर प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हापासून. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, संध्याकाळी सात म्हणजे बातम्या हे ठरलेलं. छतावर एकजण अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, ‘आलं, आलं, थांब!’ तुमच्यापैकी कितीजणींनी हे केलं असेल!

आता जरा विचार करा. चाळीस वर्षं एकच काम. समोर कागद, ठरलेली मिनिटं, ठरलेली वेळ. घरी कुणी आजारी असो, बाहेर धो धो पाऊस असो, मनात काही सलत असो, सातच्या ठोक्याला चेहरा शांत आणि आवाज स्वच्छ हवा. सुरुवातीच्या काळात टेलिप्रॉम्प्टर नव्हता. म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशी काच बसवून त्यावर अक्षरं सरकवण्याची ती सोय नव्हती. हातात कागद धरायचा, वाक्याचा पहिला तुकडा नजरेनं उचलायचा, मान वर करून तो प्रेक्षकांकडे पाहून बोलायचा आणि तेवढ्यात पुढच्या तुकड्यावर नजर टाकायची. आयत्या वेळी नवी बातमी हातात आली तर ती आधी मनात वाचायलाही सवड नाही. नावं परदेशी, आकडे मोठे. तरी अडखळायचं नाही.

आणि हे सगळं नीट पार पडलं तर कुणी कौतुक करायचं? कुणीच नाही! भाजीत मीठ बरोबर पडलं तर कुणी बोलत नाही, कमी पडलं की सारं घर बोलतं. निवेदकाचंही तसंच. रोज बिनचूक सांगणाऱ्याची चूक ज्या दिवशी होते, त्याच दिवशी लोक त्याची दखल घेतात. प्रदीप भिडे यांचं मोठेपण मला इथं दिसतं. चाळीस वर्षं त्यांनी बातमीला पुढं ठेवलं आणि स्वतःला मागं. त्यांचा तो भरदार आवाज लोकांच्या कानांत राहिला, पण त्यांचं मत अमुक होतं असं कुणी सांगू शकणार नाही. हल्ली चोवीस तासांच्या वाहिन्यांवर चारजण एकाच वेळी ओरडतात, ते पाहिलं की त्या संयमाची किंमत कळते.

संयमाचं आणखी एक उदाहरण दिल्लीचं. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींची सकाळी हत्या झाली, परदेशी रेडिओनं बातमी दिली, पण आपल्या दूरदर्शनवर ती अधिकृतपणे सांगितली गेली संध्याकाळी. ती सांगणाऱ्या होत्या सलमा सुलतान, केसांत गुलाब खोवणाऱ्या म्हणून घराघरांत माहीत असलेल्या. सारा देश हादरलेला, आणि एका बाईनं ती बातमी ठरल्या शब्दांत, न कोसळता सांगायची! घरात मोठं संकट आलं की सगळ्यांच्या आधी स्वतःला सावरणारी बाई आपण पाहिलेली आहे. तीच ताकद इथं लागते.

आणखी एक गोष्ट या बायकांनी केली, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. आपल्याकडे बाहेरच्या जगाची बातमी घरात आणायचा मान पुरुषांचा. पेपर आधी ते वाचणार, पारावर ते बोलणार, आणि बायकांनी काही विचारलं की ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ठरलेलं. दूरदर्शन आलं आणि साडी नेसलेली एक बाई समोर बसून मंत्रिमंडळ, युद्ध, अर्थसंकल्प सांगू लागली. घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूससुद्धा त्या वेळी गप्प बसून ऐकायचा. तिच्या बोलण्यात कुणी मध्येच तोंड घातलं तर उलट तोच दटावायचा, ‘ऐकू द्या ना!’ माजघरातल्या मुलींनी हे पाहिलं. त्यातून किती जणींना बळ मिळालं असेल!

आता सासूबाईंच्या आक्षेपाकडे वळू. दिसण्याचं काम, गोऱ्या चेहऱ्याचं काम, असं त्या म्हणतात. त्यांना एवढंच सांगा की स्मिता पाटील सावळ्या होत्या. त्यांनी बातम्या सांगितल्या त्या काळात पडदा काळा-पांढरा होता, रंगाचा डौल दाखवायला जागाच नव्हती. लोकांच्या मनात राहिले ते त्यांचे बोलके डोळे आणि आवाज. साडी त्या जीन्सवरच गुंडाळून बातम्यांना बसत, असं सांगतात! पडद्यावर दिसणार पदर आणि चेहरा, खालचं कोण पाहतंय? याच बातम्यांमधून त्या श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरल्या आणि सिनेमात गेल्या. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १९८६ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. सावळेपणानं त्यांचं काही अडलं नाही.

आता भगिनीनं न विचारलेली, पण आईनं विचारायलाच हवी अशी गोष्ट. यात पोट भरतं का? इथं मी गोडगोड बोलणार नाही. बातम्या सांगणारे कितीतरी जण कायम नोकरीत नसत. जितकी बातमीपत्रं सांगितली तितकं मानधन. म्हणून वर सांगितलेली माणसं पाहा, प्रत्येकानं दुसरा आधार धरलेला आहे. मेहेंदळे यांचं नाटक, लेखन आणि पत्रकारितेचं अध्यापन. भावे मुलांसाठी गोष्टी-कविता लिहीत आणि शिकवीत. भक्ती बर्वे रंगभूमीवर. भिडे यांनी जाहिराती आणि माहितीपटांना आवाज दिला, मोठमोठ्या समारंभांचं सूत्रसंचालन केलं. संसाराचं सगळं ओझं एकाच खुंटीला टांगू नये, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा लेकीला म्हणावं, आधी पदवी पुरी कर. भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, काहीही घे, पण मनापासून शीक. जी बातमी आपल्याला कळली नाही ती दुसऱ्याला कळेल अशी सांगता येत नाही. नागपूरच्या विद्यापीठात जनसंवादाचा विभाग आहे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनचं आहे. आकाशवाणीची केंद्रं वेळोवेळी नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात देतात आणि आवाजाची चाचणी घेतात. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. मुंबईच गाठली पाहिजे असं मुळीच नाही.

आता खरा गाभा, यजमानांचा आक्षेप. पानी आणि पाणी.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, म्हणून हे दुखणं मला रोज दिसतं. एका वाचन स्पर्धेत बाहेरून आलेले एक परीक्षक आमच्या एका मुलीच्या ‘पानी’ला सगळ्यांदेखत हसले. मुलगी हुशार, गोष्ट छान रंगवून वाचत होती. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं वर्गात हात वर केला नाही. एका हसण्यानं एवढं होतं, मैत्रिणींनो. म्हणून सांगते, घरात तरी कुणी हसू नका.

आपली झाडीबोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीची ती पिढ्यान्‌पिढ्यांची बोली आहे. तिला तिचे नियम आहेत. ‘ण’ च्या जागी ‘न’, ‘ळ’ च्या जागी ‘र’. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. मनाला येईल तसं नाही, सगळीकडे त्याच रीतीनं. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिची साहित्य संमेलनं भरू लागली. दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. हजारो माणसांच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी नटमंडळी आपल्याच मातीतली आहेत. याच रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मग आपल्या लेकीच्या गळ्यात आवाज नाही असं कोण म्हणेल?

आणि आता एक योगायोग सांगते. बातम्या सांगणाऱ्या भक्ती बर्वे यांना महाराष्ट्र सर्वांत जास्त कशासाठी ओळखतो? पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या १९७५ च्या नाटकातल्या मंजुळेसाठी. रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी, तिची बोली अगदी रांगडी, आणि तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवायचा विडा उचललेला भाषेचा प्राध्यापक. नाटक पाहणाऱ्याला शेवटी कळतं की मुलगी उच्चार तर शिकली, पण माणूस म्हणून ती आधीही काही कमी नव्हती. बर्वे यांच्या जिभेवर दोन्ही भाषा सारख्याच सहज होत्या. दूरदर्शनची काटेकोर आणि मंजुळेची रांगडी. २००१ च्या फेब्रुवारीत पुणे-मुंबई मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या, पण हा धडा ठेवून गेल्या.

घरात नेसायचं लुगडं आणि समारंभाचं लुगडं आपण दोन्ही जपतो. समारंभाचं आलं म्हणून घरचं कुणी जाळत नाही. अंगाला ऊब तर त्या घरच्याचीच असते. लेकीनं आजीशी बोलीतच बोलावं आणि बातमीचा कागद हातात आला की प्रमाण उच्चार करावेत. बातम्यांना प्रमाण भाषा लागते ती कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत सर्वांना एकसारखं कळावं म्हणून. ती शिकायची गोष्ट आहे, जन्मानं मिळायची नव्हे. चाळीस वर्षं बातम्या सांगणाऱ्यालाही ती रोज घासावीच लागते.

तर घरच्या घरी काय करता येईल, ते आता सांगते. पैसा लागत नाही, नेम लागतो.

पहिली गोष्ट, रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन. तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या करत असताना लेकीनं बाहेरच्या खोलीत बसून वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचावं. फोडणी चरचरत असताना तुम्हाला शब्द न् शब्द कळला तर उच्चार स्पष्ट आहे असं समजा. मात्र तिनं ओरडायचं नाही. ओरडण्यानं आवाज पोचत नाही, फाटतो.

दुसरी गोष्ट, श्वास. पाठीवर निजून पोटावर एक हलकं पुस्तक ठेवावं. श्वास घेताना पुस्तक वर यावं, सोडताना खाली जावं. छाती आणि खांदे उचलले जात असतील तर श्वास अपुरा पडतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज विझतो. वाचायच्या मजकुरावर, कुठं थांबायचं तिथं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवावी.

तिसरी, अक्षरांच्या जोड्या. पान-पाणी, काल-काळ, सर-शर अशा जोड्या रोज म्हणाव्यात. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ चे उच्चारही दोन-दोन आहेत. चिमटा आणि चूल म्हणून पाहा, जीभ वेगळ्या जागी लागते. जग म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षं जग’ यातलं जग, लिहायला एकच, म्हणायला दोन. नुकतेच शिकलेले उच्चार आठवडाभर सांभाळावे, मग पुढचे घ्यावे. एकदम सगळे दुरुस्त करायला गेलं की मुलगी वैतागते.

चौथी, आजीची परीक्षा. बातमी वाचून झाली की कागद बाजूला ठेवून तीच बातमी आजीला तिच्या बोलीत सांगायची. आजीला कळली तर लेकीला कळली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे करायला लावते. बोलीची लाज जायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. आणि सासूबाईंनाही या खटाटोपात जागा मिळते, हा फायदा वेगळाच!

पाचवी, मोबाईल. दिवसभर हातात असतो, तर त्यावर आपलं वाचन रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा परका वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. चार दिवसांनी कान सरावतात आणि चुका आपल्या आपण सापडतात.

गळ्याची काळजीही हवी. पाणी भरपूर प्यावं, घसा खवखवला तर कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि आवाजाला विश्रांती द्यावी. कुजबुजत बोलणं ही विश्रांती नव्हे, त्यानंही गळ्यावर ताण येतो. आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच राहिला तर घरगुती काढे करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ आलीच, तर बारीक रेघांची किंवा बारीक चौकडीची साडी नको, ती पडद्यावर थरथरते. चकाकणारी जरीही नको. साधी, एकरंगी, गडद साडी उत्तम.

साकोलीकडच्या माझ्या भगिनी, तुझी लेक वृत्तनिवेदिका होईलच असं मी लिहून देत नाही. जागा थोड्या आणि इच्छुक फार, हे खरं आहे. पण समजा नाही झाली, तरी हा नेम वाया जाणार नाही. ग्रामसभेत उभी राहून प्रश्न विचारील. बँकेत, दवाखान्यात, कचेरीत आपलं म्हणणं नीट मांडील. उद्या तिच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवील. मुलगी गप्प बसण्यापेक्षा ‘पानी’ म्हणालेली केव्हाही चांगली. ‘पानी’चं पाणी महिन्याभरात करता येतं, पण गप्प बसायची सवय लागली तर ती मोडायला फार वर्षं जातात.

तेव्हा आज संध्याकाळीच तिच्या हाती वर्तमानपत्र द्या आणि म्हणा, ‘वाच गं मोठ्यानं, मी आतून ऐकतेय.’ यजमानांनाही शेजारी बसवा. त्यांना फक्त ऐकायचं काम!

आणि मैत्रिणींनो, तुमच्या बोलीतले घरगुती शब्द, भाज्यांची, भांड्यांची, नात्यांची नावं, मला जरूर कळवा. त्यांची यादी करून वर्गातल्या मुलींसमोर ठेवायची आहे. पत्राची वाट पाहते.